डॉक्टर स्क्रीनवर की समोर, हे ठरवणार कोण?

आईच्या दोन्ही पायांना सूज आली तेव्हा बाहेर सगळं बंद होतं. २०२० चे ते पहिले काही महिने, हॉस्पिटलच्या नावानेच धडकी भरायची. डॉक्टर व्हिडिओ कॉलवर बघायला तयार झाले, मी फोन धरला, आई खुर्चीत, पाय स्टुलावर. डॉक्टर म्हणाले, "कॅमेरा जरा खाली घ्या... अजून... उजेड मागून येतोय, तुम्ही दुसऱ्या बाजूला या." मग म्हणाले, "घोट्याच्या जरा वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि सोडा, खड्डा राहतो का सांगा." मी दाबलं. किती जोरात दाबायचं ते मला कुठे माहीत. खड्डा राहिला, म्हणजे मला तरी राहिल्यासारखा वाटला, मी म्हटलं "हो, थोडासा", आणि म्हणताना अंगावर काटा आला कारण त्या माझ्या "थोडासा" वर पुढचं सगळं ठरणार होतं.

डॉक्टरांनी विचारलं, आजी, दम लागतो का? आई म्हणाली, नाही. रात्री झोपताना उशा किती घेता? (आडवं झाल्यावर दम लागून उशा वाढल्या तर हृदयाची शंका येते.) एकच. खरं म्हणजे गेले चार दिवस ती दोन उशा घेत होती, पण तिला हॉस्पिटलमध्ये जायचंच नव्हतं आणि "एकच" म्हटलं की हे टळेल असं तिला वाटलं असणार. मी तिच्यासमोर काही बोलू शकले नाही, बोटं दाखवावीत तर हात फोनमध्ये अडकलेले, आणि कॅमेरा पायाकडे.

शेवटी मी नंतर डॉक्टरांना वेगळा फोन करून उशांचं सांगितलं आणि दोन दिवसांनी त्यांनी प्रत्यक्ष बोलावलं. मानेच्या शिरा बघितल्या, पाठीला स्टेथोस्कोप लावून खालपर्यंत ऐकलं, हृदयाचं काही नाही म्हणाले. मग मी सोबत नेलेली गोळ्यांची पिशवी त्यांनी टेबलावर उलटी केली आणि एक स्ट्रिप उचलून म्हणाले, ही केव्हापासून? बीपीची गोळी बदलली होती, आणि त्या जातीच्या गोळ्यांनी घोट्याला सूज येणं ही नेहमीची गोष्ट आहे. उशी दुसरी का लागली, तर मान अवघडली होती म्हणून. गोळी बदलली, सूज उतरली, आणि त्यानंतर वर्षभर तिचे सगळे फॉलोअप फोनवर झाले, ती वहीत लिहून ठेवलेले बीपीचे आकडे वाचून दाखवायची आणि डॉक्टर हं हं करत ऐकायचे, तिला ते फार आवडायचं.

हे सगळं एवढं सविस्तर सांगितलं कारण महामारीत आणि नंतरही पेशंट लोकांना एकच प्रश्न विचारला गेला, तुम्हाला काय बरं वाटतं, व्हिडिओ कॉल की प्रत्यक्ष भेट? आईला हा प्रश्न विचारला असता तर ती काय म्हणाली असती? त्या पहिल्या दिवशी व्हिडिओ म्हणाली असती, घाबरून. दोन दिवसांनी प्रत्यक्ष म्हणाली असती कारण डॉक्टरांचा हात पाठीवर पडल्यावर तिचा चेहराच बदलला होता. आणि वर्षानंतर फोन. माणूस एक, आजार एक, डॉक्टरही तेच. तिन्ही उत्तरं खरी. म्हणून मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न आहे की हे ठरवायचा हक्क कोणाकडे आहे, आणि एक प्रकार निवडला की गरज पडेल त्या क्षणी दुसरीकडे वळता येतं का.

आता त्या सर्व्हेंचं बोलू. महामारीत व्हिडिओवर डॉक्टरांना भेटलेले लोक फार समाधानी होते असं ठिकठिकाणी दिसलं आणि ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण समाधान कशाच्या तुलनेत? तेव्हा स्क्रीनवरच्या डॉक्टरला पर्याय समोरचा डॉक्टर हा नव्हताच, बहुतेकांना पर्याय होता कोणीच नाही हा. घसा कोरडा पडलेला असताना कोमट पाणी मिळालं तरी माणूस ते घटाघटा पितो आणि वर आभार मानतो, त्यावरून लोकांना कोमट पाणीच आवडतं असं धरून चालायचं का? तरी तेच झालं. "पेशंट खूश आहेत" या एका वाक्यावर दवाखान्यांनी, विमा कंपन्यांनी, ॲप काढणाऱ्यांनी पुढचे बेत आखले.

अमेरिकेत मेडिकेअर म्हणून सरकारी विमा आहे, मुख्यतः ६५ च्या पुढच्या लोकांसाठी, त्यांच्याकडे २०१९ मध्ये साधारण ८ लाख ४० हजार भेटी दूरस्थ झाल्या होत्या आणि २०२० मध्ये त्या ५ कोटी २७ लाखांवर गेल्या. हे आकडे सगळे सांगतात. त्यामागचं कारण मात्र फार कोणी सांगत नाही. म्हाताऱ्या लोकांना एका वर्षात अचानक स्क्रीनचा लळा लागला असं काही नव्हतं. त्याआधीचा नियमच असा होता की बहुतेक बाबतीत पेशंट ग्रामीण भागातला पाहिजे, आणि व्हिडिओवर डॉक्टरला भेटायलासुद्धा त्याने घर सोडून एखाद्या आरोग्य केंद्रात जाऊन बसायचं. म्हणजे जो घराबाहेर पडू शकत नाही त्याची सोय त्याने घराबाहेर पडल्यावर. मार्च २०२० मध्ये हा नियम सैल झाला, काही सेवा तर नुसत्या फोनवरही चालतील असं ठरलं, आणि धरणाचं दार उघडल्यासारखे लोक आले. भारतातही टेलिमेडिसिनची पहिली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली ती २५ मार्च २०२० ला, बरोबर ज्या दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला, आणि त्यात व्हिडिओ, नुसता आवाज, लेखी मेसेज सगळ्याला जागा दिली.

यातली एक गोष्ट मला सारखी टोचते. चालता न येणारे, व्हीलचेअरवरचे, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी झालेली आहे असे, प्रवासानेच आठवडाभर अंथरुणाला खिळणारे, हे लोक वर्षानुवर्षं म्हणत होते की आम्हाला दर वेळी बोलावू नका, फोनवर बोला. त्यांना काय उत्तर मिळायचं? शक्य नाही, नियमात बसत नाही, सुरक्षित नाही. आणि मग धडधाकट लोकांना तीच अडचण आल्यावर काही आठवड्यांत सगळं शक्य झालं! जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण या लोकांची आणीबाणी काही त्या तारखेला संपली नाही. "आता परत सगळे दवाखान्यात या" असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी यांना भेटावं. मी आईच्या पाठीवरच्या त्या हाताबद्दल कितीही लिहिलं तरी यांचं म्हणणं खोडून निघत नाही, आणि मला खोडायचंही नाही.

प्रत्यक्ष भेट म्हटली की आपल्या डोळ्यापुढे महामारीच्या आधीची भेट येते. त्या काळातली भेट तशी होती का हो? डॉक्टर मास्कमध्ये, वरून प्लॅस्टिकची शील्ड, कधी अख्खा पीपीई किट, टेबल लांब सरकवलेलं, घरचं माणूस बाहेर उभं. ज्यांना कमी ऐकू येतं आणि जे ओठ बघून बोलणं समजून घेतात त्यांना त्या खोलीत काहीच कळायचं नाही. तेच डॉक्टर व्हिडिओवर मास्क काढून बसायचे. म्हणजे ज्याला आपण समोरासमोर म्हणतो तिथे चेहराच नव्हता, आणि जिथे माणूस समोर नव्हता तिथे चेहरा होता. मुलगी दुसऱ्या गावातून त्याच कॉलमध्ये येऊ शकायची, औषधं लिहून घ्यायची. त्यामुळे स्क्रीन म्हणजे कोरडी आणि खोली म्हणजे मायेची अशी वाटणी करून टाकली की काही लोकांच्या अनुभवावर सरळ अन्याय होतो.

पण शरीर. शरीराचं काय करायचं. पोट दुखतंय म्हणून फोन केला तर पोट दाबून बघणारा हात लागतो, आणि नुसतं दाबून नाही, दाबून झटकन सोडल्यावर पेशंट कळवळतो का हे बघावं लागतं. काखेतली गाठ हलते का घट्ट बसलीय. मुलाच्या कानाच्या पडद्याला लाली आहे का. डायबिटीसवाल्याच्या तळपायाला नायलॉनच्या बारीक तंतूचा स्पर्श कळतो का, कारण त्याला स्वतःला दुखतच नसतं, म्हणून तर तो तक्रार करत नाही! ज्या गोष्टीची तक्रार पेशंट करूच शकत नाही ती फोनवर निघणार कशी.

आणि कोविडमध्ये तर हा प्रश्न जिवावरचा झाला. ऑक्सिजन घसरलेला असताना माणूस चांगला बोलत असायचा, पूर्ण वाक्यं, हसायचासुद्धा. फोनवर ऐकणाऱ्याला वाटणार ठीक आहे. मग सुरुवातीला काही ठिकाणी एक युक्ती वापरली गेली, पेशंटला एका श्वासात तीसपर्यंत आकडे म्हणायला लावायचे आणि कुठे थांबतो ते बघायचं, रॉथ स्कोअर म्हणतात त्याला. २०२० मध्येच ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांनी ती पारखून स्पष्ट सांगितलं की कोविडच्या पेशंटला फोनवर तपासायला हे वापरू नका, त्याला पुरेसा आधार नाही. बरं, मग बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तरी भरवशाचा म्हणावा, तर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की रक्तात ऑक्सिजन खरंच कमी असून ऑक्सिमीटर ठीक दाखवतो असं काळ्या पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा झालं. गडद कातडीवर यंत्र जास्तच आकडा सांगतं. तो आकडा फोनवर वाचून दाखवणाऱ्या माणसाला हे कळायचा मार्ग काय, आणि पलीकडून ऐकणाऱ्या डॉक्टरला पेशंटची बोटं तरी कुठे दिसतायत?

थोडं विषयांतर, पण स्टेथोस्कोपसुद्धा एकेकाळी अंतर वाढवणारी वस्तूच होती. १८१६ मध्ये लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून ऐकलं, आणि त्याला आधीपेक्षा चांगलं ऐकू आलं. कान लांब गेला पण ऐकणं वाढलं, म्हणून ती वस्तू टिकली. मला हीच कसोटी व्हिडिओला लावावीशी वाटते. या पेशंटच्या या तक्रारीत स्क्रीनमुळे डॉक्टरला जास्त कळतंय की कमी? मनाच्या आजारात, समुपदेशनात बऱ्याच जणांचं उत्तर आहे की कमी नाही. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीत बसून ते मोकळं बोलले, प्रवासाच्या धास्तीने अपॉइंटमेंट बुडवायचे ते बुडवेनासे झाले. जुन्या बीपीत, थायरॉइडचे रिपोर्ट बघण्यात, गोळ्या पुढे चालू ठेवण्यात पण काही बिघडत नाही. आणि खरं सांगायचं तर आईची ती गोळ्यांची पिशवी कॅमेऱ्यातही दिसली असती, घरात फ्रिजवरच ठेवलेली होती, मागितली असती तर. तेव्हा कोणाला सुचलं नाही, मलापण नाही.

पण स्वतःची खोली सगळ्यांना असते का? एका खोलीत पाच जण राहतायत, त्यात ज्या माणसामुळे अंगावर वळ उठलेत तोच शेजारी बसलाय, आणि डॉक्टर विचारतायत, घरी सगळं ठीक ना? ती बाई काय सांगणार. दवाखान्यात निदान नर्स म्हणते, तुम्ही जरा बाहेर थांबा, आणि दार बंद होतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आईबापांच्या कानावर न जाता काही विचारायचं असतं, त्याला ते बंद दार लागतं. महामारीत ते दारच गेलं. आणि असे लोक सर्व्हेत "मला प्रत्यक्ष भेट हवी होती" असंही सांगत नाहीत, कारण सर्व्हेचा फॉर्मपण त्याच फोनवर येतो जो घरात सगळे बघतात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, नेट नाही, ते तर मोजणीतच नाहीत. ऑनलाइन भेटीबद्दल ऑनलाइन विचारायचं आणि ऑनलाइन असलेल्यांनी छान म्हटलं की त्याला जनमत म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणखी एक, दारातलं वाक्य. डॉक्टर लोकांना हे चांगलं माहीत असतं, पेशंट उठतो, चप्पल घालतो, दाराच्या कडीला हात लावतो आणि वळून म्हणतो, "अजून एक विचारायचं होतं..." आणि बरेचदा खरं दुखणं तेच असतं. छातीत कधीतरी होणारी जळजळ, लघवीतून गेलेलं रक्त, झोप न लागणं, जगावंसंच न वाटणं. ते वाक्य यायला दहा मिनिटं लागतात, उठून उभं राहायला लागतं, पाठ फिरवायला लागते. व्हिडिओ कॉलला दारच नाही. "ठीक आहे, काळजी घ्या" आणि लाल बटण, संपलं. माझ्याच बाबतीत झालंय, जे विचारायला फोन लावला होता ते न विचारताच कॉल संपला आणि मी काळ्या स्क्रीनकडे बघत बसले. परत फोन करायचा तर परत अपॉइंटमेंट, परत फी, आणि तेवढ्यासाठी त्रास कशाला द्यायचा म्हणून राहून जातं ते राहूनच जातं.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत रँड या संस्थेच्या लोकांनी २,०८० प्रौढांना पुढचं विचारलं होतं, महामारी ओसरल्यावर काय हवं. साधारण दोन तृतीयांश म्हणाले की कधीतरी व्हिडिओची सोय हवीच. पण इमर्जन्सी नसलेल्या एखाद्या भेटीसाठी दोन्हीतलं एक निवडा म्हटल्यावर ५३ टक्के प्रत्यक्षकडे गेले आणि व्हिडिओकडे साधारण २१ टक्केच. व्हिडिओच्या बाजूचे लोक पहिला आकडा सांगतात, विरोधातले दुसरा. दोन्ही एकत्र वाचले तर लोक अगदी सरळ बोलतायत, आमच्याकडून ते दार काढून घेऊ नका आणि हेपण काढून घेऊ नका. इंग्लंडमध्ये याच गोष्टीवरून २०२१ मध्ये बराच आवाज झाला, फॅमिली डॉक्टर प्रत्यक्ष भेटतच नाहीत म्हणून लोक संतापले, शेवटी मे महिन्यात तिथल्या आरोग्य सेवेने दवाखान्यांना कळवलं की प्रत्यक्ष भेट द्या, पेशंटच्या पसंतीचा मान ठेवा, कोविडची लक्षणं वगैरे काही वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी.

डॉक्टरांची बाजू मला कळत नाही असं नाही. त्या काळात पेशंट तपासता तपासता डॉक्टर गेले, नर्स गेल्या. त्यांनी स्क्रीनच्या मागे राहून आधी चाळणी लावली ते बरोबरच केलं आणि त्यामुळे वेटिंग रूममध्ये होऊ शकणारी किती लागण टळली असेल. पुन्हा अशी साथ आली तर पहिली भेट स्क्रीनवरच व्हावी असं मीपण म्हणेन. माझी तक्रार त्या पहिल्या भेटीबद्दल नाहीच. तक्रार आहे ती पहिल्या भेटीनंतर पेशंट जिथे अडकतो त्याबद्दल.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. व्हिडिओवर किंवा फोनवर बोलताना डॉक्टरला वाटलं की हात लावून बघितलं पाहिजे, किंवा पेशंटलाच वाटलं की मला समोर यायचंय, तर तीच भेट पुढे चालू धरायची, नवीन फी नाही, नव्याने रांगेत उभं राहणं नाही, आणि किती वेळात बोलावणार ते कॉल ठेवायच्या आधी सांगायचं. पेशंटला कारण द्यायला लावू नका. "मला बरं वाटत नाहीये आणि मला तुम्ही बघायला हवंय" एवढं कारण बास आहे. उलट बाजूनेही तसंच, ज्याने तीन वेळा येऊन रिपोर्ट दाखवलेत त्याला चौथ्यांदा फक्त "सगळं नॉर्मल" ऐकायला अर्धा दिवस घालवून बोलवू नका. आणि नुसत्या फोनला कमी लेखू नका, व्हिडिओ न जमणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तोच दवाखाना असतो. कॉलच्या शेवटी एक मिनिट गप्प राहून "अजून काही राहिलंय का?" असं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. दाराची जागा काही भरून निघणार नाही, पण निदान फट तरी राहील.

याला खर्च येतो हे मान्य. पण आत्ता तो खर्च होतच नाहीये असं थोडीच आहे, तो पेशंट भरतोय, दोनदा फी देऊन, किंवा न जाऊन.

परवा आईसाठी अपॉइंटमेंट घ्यायला बसले होते. परत पायच, पण या वेळी एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखतंय. ॲप उघडलं तर पहिल्याच पानावर दोन चौकोन, व्हिडिओ आणि प्रत्यक्ष. काय होतंय हे विचारायच्या आधीच. प्रत्यक्षला पहिली वेळ नऊ दिवसांनी होती, व्हिडिओला त्याच संध्याकाळी. एका पायाची सूज आणि पोटरी दुखणं म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, हे मी कुठेतरी वाचलं होतं म्हणून मला माहीत, आईला नाही. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "यातलं कुठलं ते डॉक्टरांनाच विचार ना." मी खाली वर करून सगळं पान बघितलं, विचारायला नंबरच नव्हता. मग फोन ठेवला, तिला चप्पल घालायला लावली आणि तशीच घेऊन गेले.